दोन अटॅक, एक किडनी

मी मेडिक्लेम काढायचं ठरवलं ते आजारपणाच्या भीतीनं नव्हे, नबीलालमामांच्या तब्येतीमुळं.

नबीलालमामा आमचे शेजारी. न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांचं गेट-ग्रीलचं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं, पुण्याला नेलं, सरकारी योजनेतून स्टेंट बसला आणि आठवड्याभरात माणूस परत दुकानात उभा. खर्च किती आला विचारलं तर म्हणाले, पोराला तिथं दोन वेळा चहा पाजला, तेवढाच.

ही गोष्ट मला काही केल्या पचेना. मी एका खासगी दूध डेअरीत क्लार्क आहे. माझं काम म्हणजे समोर येणाऱ्या प्रत्येक कॅनकडं संशयानं बघणं. अठरा वर्षं मी लोकांच्या दुधातलं पाणी पकडतोय. ‘फुकट’ आणि ‘शुद्ध’ या दोन गोष्टी एका भांड्यात राहू शकतात, यावर माझा विश्वास बसणं अवघड आहे. स्टेंट फुकट मिळाला, मग तो नवा कशावरून? दुसऱ्या कुणाचा काढून, धुऊन, पुसून बसवला नसेल कशावरून? ही शंका मी मामांना बोलूनही दाखवली. (आजारातून उठलेल्या माणसाला धीर द्यावा, असं माझं मत आहे.)

मामांनी छातीवर हात ठेवून जरा विचार केला. “आसंल बाबा,” ते म्हणाले, “पर ज्याचा आसंल त्यानं निगुतीनं वापरलाय.”

त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आपण खासगी पॉलिसी काढायची. पैसे मोजून घेतलेली वस्तू ती वस्तू. धनश्री, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती. तिनं सांगितलं की आता सरकारी योजना सगळ्याच रेशनकार्डांना लागू आहे, आपल्यालाही आहे, आणि ते कार्ड आधी काढू. मी म्हटलं, सगळ्यांना देतात म्हणजेच त्यात काहीतरी असणार. ती म्हणाली, पाऊसपण सगळ्यांना देतात. यावर मी तिच्या भावाला फोन लावला.

माझा मेहुणा संघर्ष दौंडला राहतो. वय सव्वीस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि वर्षभरापासून एका विमा कंपनीचा एजंट. आतापर्यंत त्यानं माझ्याकडं पॉलिसीचा विषय काढला नव्हता, कारण मागं एकदा त्यानं आणलेल्या पेढ्यांचा मी खवा तपासला होता. मी आपणहून बोलावल्यावर तो दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आला. मी, धनश्री आणि दोन पोरं, असा चौघांचा पाच लाखांचा विमा वर्षाला चोवीस हजारांत बसत होता. आमच्या आईचं वय अडुसष्ट, तिला गुडघे आणि बीपी. तिच्या एकटीचे अडतीस हजार.

मी म्हटलं, आईचं राहू दे. आई शेजारीच बसली होती. तिला राग येईल असं वाटलं, पण तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हाळसाबाई कोळपे यांनी वस्तीवर सगळ्यांना सांगितलं की पुण्याच्या कंपनीनं माझी किंमत अडतीस हजार केली आणि आमच्या शंभूची सहा.

धनश्रीनं एकच प्रश्न विचारला. वर्षभर कुणी आजारीच पडलं नाही तर चोवीस हजारांचं काय? संघर्ष म्हणाला, ते जातात. “म्हंजी वसूल करायला आजारी पडाया लागंल,” धनश्री म्हणाली. संघर्षनं तिला मनाच्या शांततेविषयी काहीतरी समजावलं. मी सही केली. फॉर्मवर वजन तीन किलो कमी लिहिलं, ते सोडलं तर सगळं खरं लिहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

कंपनीकडून फोन येईल, तब्येतीचे चार प्रश्न विचारतील, दाजींना खरी उत्तरं द्यायला सांग, असं संघर्षनं धनश्रीला कळवलं. तिनं ते मला सांगितलं. ती म्हणते जेवताना सांगितलं आणि मी मान हलवली. हलवली असेल. जेवताना मी सगळ्यालाच मान हलवतो. आमचा संसार अठरा वर्षं टिकलाय तो त्यावरच.

फोन आला मंगळवारी सकाळी सव्वानऊला. डेअरीवर शेवटचे सात-आठ गवळी कॅन घेऊन उभे होते. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, अगदी साखरेत घोळलेला. कुठल्याशा विमा कंपनीतून बोलतेय, हा कॉल रेकॉर्ड होतोय, आपली जन्मतारीख सांगाल का, असं ती म्हणाली आणि मी लगेच ओळखलं.

गेल्याच महिन्यात असाच एक गोड आवाज आमच्या डेअरीच्या मालकांना, शंकररावांना आला होता. तुमचं लाइटबिल राहिलंय म्हणाला आणि त्यांचं खातं धुऊन गेला. तेव्हापासून मी सगळ्या डेअरीला सांगून ठेवलं होतं की माझ्याकडं असा फोन येऊ दे, मग बघा. तो आता आला होता. मी बोटानं सगळ्यांना गप्प केलं, फोन स्पीकरवर टाकला आणि दुधाचं फॅट मोजायच्या मशिनवर ठेवला.

तिनं विचारलं, हृदयाचा काही त्रास?

“दोन अटॅक येऊन गेलेत,” मी म्हणालो. “तिसऱ्याची वाट बघतोय.”

मागं कुणीतरी तोंडात टॉवेल कोंबला. पलीकडून टायपिंगचा आवाज आला. मग मधुमेह. मी म्हटलं, चारशेच्या खाली कधी येत नाही. दारू? सकाळच्या अंघोळीआधी. धूम्रपान? बिडीची दोन बंडलं, पाहुणे आले तर तीन. ती बिचारी प्रत्येक उत्तरानंतर “बरं सर” म्हणत होती, आणि मला वाटत होतं की आता ओटीपी मागेल, आता मागेल. शेवटी तिनं विचारलं, एखादी शस्त्रक्रिया?

“एक किडनी काढलीय.”

“काय कारणानं, सर?”

“इकली.”

तिनं तेही टाइप केलं. मग म्हणाली, “काळजी घ्या, सर,” आणि फोन ठेवला. त्या आवाजात खरोखरीची काळजी होती, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. पण डेअरीवर टाळ्या पडत होत्या. शंकररावांनी स्वतः चहा मागवला. चोराला एक रुपया न देता आपण दहा मिनिटं त्याचा वेळ खाल्ला, अशा आनंदात मी तो चहा प्यालो.

हनुमंतनं मात्र यातला फक्त शेवटचा शब्द ऐकला. हनुमंत खालच्या आळीचा, रोज सगळ्यात उशिरा येणारा गवळी. तो दोन्ही हातांत कॅन घेऊन आत शिरला तेव्हा मी ‘इकली’ म्हणत होतो. कुणाला तरी त्यानं विचारलं, काय इकलं? त्या माणसानं हसता हसता सांगितलं, शंभूशेठनी किडनी. हनुमंत हसला नाही. त्यानं मुकाट्यानं दूध घातलं आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं दूध त्या दिवशी पातळ होतं आणि मला वाटलं की तो हात त्यासाठी होता.

शुक्रवारी संघर्षचा फोन आला. नेहमी तो मोठ्यानं ‘दाजी’ म्हणून सुरुवात करतो. या वेळी हळूच म्हणाला, “दाजी, घरी कुणाला म्हाईत हाय का?”

मी विचारलं, काय?

“किडनीचं.”

कंपनीनं अर्ज फेटाळला होता. नुसता फेटाळला नव्हता. या माणसानं फॉर्मवर सगळं लपवून फोनवर कबूल केलं, म्हणून एजंटालाही समज दिली होती. मी हसत हसत त्याला सगळं सांगायला लागलो, पण मधेच माझ्या लक्षात आलं की तो हसत नाही. तो म्हणाला, दाजी, मला समजावू नका, मी रेकॉर्डिंग ऐकलंय, आवाज तुमचाच आहे. आणि आपण हे स्वतःच्या आईला सांगितलंय, हेही त्यानं सांगितलं.

माझ्या सासूबाई साखरबाई दुपारच्या एसटीनं दौंडहून आल्या. बरोबर कपड्यांची पिशवी होती, म्हणजे मुक्काम होता. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला वाकू दिलं नाही. “ऱ्हाऊ द्या, पाव्हणं,” त्या म्हणाल्या. “टाका ताणंल.”

तोवर हनुमंतकडून निघालेली बातमीही सलूनमार्गे वस्तीवर पोचली होती. संध्याकाळी चार-पाच बायका बिस्किटाचे पुडे घेऊन आल्या आणि धनश्रीजवळ बसून माझ्याकडं बघत राहिल्या. मी प्रत्येकीला सांगितलं की ती फोनवरची थट्टा होती. त्यांनी मान हलवली. मी जेवताना हलवतो तशी.

पाहुण्या गेल्यावर धनश्रीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि सदरा वर करायला सांगितला. माझ्या डाव्या कुशीवर बोटभर लांबीचा व्रण आहे. लहानपणी आमची मेंढरं होती तेव्हा एडक्यानं शिंग मारलं होतं. लग्न झाल्यापासून धनश्रीनं तो व्रण हजार वेळा पाहिला होता, पण त्या दिवशी ती तो कॅलेंडर वाचावं तसा वाचत होती. मी साक्षीला आईला हाक मारली. आई आधीच नाराज होती, कारण माझे दोन अटॅक तिला विहीणबाईंकडून कळले होते. तिनं दारातूनच सांगितलं, “एडक्यानं मारलं व्हतं, पर ते उजव्या अंगाला.” (आई समोर उभी होती. समोरून माझं डावं तिचं उजवं होतं. पण हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.)

मग धनश्रीला आठवलं की काही वर्षांपूर्वी मी फॅटच्या नव्या मशिनचं ट्रेनिंग म्हणून आठ दिवस पुण्यात होतो. आणि त्याच महिन्यात आम्ही मोटरसायकल घेतली. मी म्हटलं, अगं, ती हप्त्यावर घेतली, तीन वर्षं हप्ते भरले. ती म्हणाली, ते तसं दाखवायला भरले असतील.

मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पदरानं डोळे पुसून शांतपणे म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात, येवढं मला पटलंय. फकस्त त्या पोरीशी बोललात का माझ्याशी, ते कळंना.”

अठरा वर्षं मी लोकांना विचारत आलो, पाणी घातलंय का खरं सांग. समोरचा शपथा घ्यायचा आणि मी मशिनकडं बघायचो. समोरच्याला तेव्हा काय वाटत असेल, ते मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

मशिनच हवी होती. दुसऱ्या दिवशी मी, धनश्री आणि सासूबाई (त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं) शिरूरला एका खासगी दवाखान्यात गेलो. गालिचा, काचेचं दार, आत गारवा. काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यात आधी विचारलं, पॉलिसी आहे का? मी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा उतरला. मी सांगितलं की मला फक्त दोन किडन्या मोजून हव्यात. तिथंच काम झालं असतं, पण सासूबाईंनी पुढं वाकून तिला दोन अटॅकचंही सांगितलं. आणि साखर चारशे. आणि अंघोळीआधीचं.

दहा मिनिटांत माझ्या नावाची फाइल तयार झाली. त्यात सोनोग्राफी होती, ईसीजी होता, इको होता, रक्ताच्या अकरा तपासण्या होत्या आणि एक दिवस देखरेखीखाली ठेवायचं होतं. आकडा ऐकून मी म्हणालो की मला यातलं काहीही झालेलं नाही. मुलगी समजूतदारपणे म्हणाली की पेशंट बहुतेक वेळा असंच म्हणतात. मी धनश्रीचा हात धरला आणि आम्ही काचेच्या दारातून बाहेर पडलो. मागून व्हीलचेअर घेऊन एक माणूस रस्त्यापर्यंत आला होता.

मग शिरूरच्याच सरकारी दवाखान्यात जाण्यावाचून इलाज उरला नाही. मंगळवारी गेलो. केसपेपर काढला आणि पाकिटाला हात घातला तर खिडकीतला माणूस म्हणाला, पैसे नाहीत. मी म्हटलं, निदान पावती द्या. तो म्हणाला, कशाची? मी म्हटलं, पैसे घेतले नाहीत त्याची. तो मागच्या माणसाचं नाव लिहायला लागला. रांग मोठी होती. रांगेत मी भिंतीवरचा सगळा मजकूर वाचला, औषधांची यादी वाचली आणि कुठं बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते बघितलं. काही नव्हतं. त्यानं तर माझा संशय आणखी वाढला.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉ. आसिया तांबोळी होत्या. तिशीच्या, जवळच्याच गावातल्या. त्यांनी माझी सगळी हकीकत एकदाही न हसता ऐकून घेतली. (नंतर मान वळवून त्या बराच वेळ खोकल्या.) पोटावर गार जेली लावून त्यांनी मशिन फिरवली आणि धनश्रीला पडद्याजवळ बोलावलं. “ही उजवी,” त्या म्हणाल्या. “आणि ही डावी. दोन्ही जागेवर आहेत.”

धनश्रीनं पडद्यावर बोट ठेवून दोन्ही मोजल्या. तिच्या चेहऱ्यावरचा चार दिवसांचा ताण उतरताना मला आडवा पडल्या पडल्या दिसला. मला भरून आलं.

“ह्या ह्यांच्याच कशावरनं?” सासूबाईंनी विचारलं. “मघाच्या पेशंटच्या ऱ्हायल्या आसतील आत.”

डॉक्टरांनी मला श्वास रोखायला लावला. पडद्यावरच्या किडन्या थांबल्या. श्वास सोडायला लावला, त्या हलल्या. सासूबाईंनी हे तीनदा करून घेतलं आणि मग नाइलाजानं मान्य केलं. मी उठायला लागलो तर डॉक्टर म्हणाल्या, जरा थांबा. त्यांनी मशिन डावीकडं परत फिरवली. डाव्या किडनीत मुतखडा होता. आठ मिलिमीटरचा.

दोन्ही किडन्या असल्याचा शिक्क्याचा कागद मला मिळाला. त्याच कागदावर खालच्या ओळीत खडाही होता. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, गोळ्या दिल्या आणि रेशनकार्डावरून आरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा म्हणाल्या; खडा अडकला तर लेझरनं काढावा लागेल, तो त्यात होतो. गोळ्याही फुकट होत्या. घरी येऊन मी त्या तळहातावर घेऊन उजेडात धरल्या, वास घेतला आणि कपाटात ठेवून दिल्या.

मी अजूनही खासगीचाच होतो, हे सांगायला मला लाज वाटते. रविवारी संघर्षला बोलावून घेतलं. कागद दाखवला. त्यानं माझी माफी मागितली, मी त्याची मागितली. कंपनीला पत्र लिहू, परत अर्ज करू, असं ठरलं. त्यानं लॅपटॉप उघडून हिशोब केला आणि जरा घुटमळला. आता माझ्या नावावर बीपी लागलं होतं (त्या मंगळवारी मोजलं तेव्हा निघालं), म्हणून हप्ता चौतीस हजार. आणि मुतखडा आधीपासूनचा, म्हणून त्याचा खर्च दोन वर्षं मिळणार नाही.

मी म्हटलं, मला आजार एकच आहे, तो खड्याचा. पैसे जास्त घेणार आणि तेवढा एक सोडून बाकी सगळे आजार देणार? संघर्ष म्हणाला, “दाजी, दोन वर्सं त्याला आत धरून ठेवा.”

बोलता बोलता माझ्या डाव्या कुशीत कळ आली. आधी वाटलं गॅस. दुसरी कळ आली तेव्हा मी खुर्चीवरून खाली आलो. तिसरीला मी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन लोळत होतो आणि घरातले सगळे आपापल्या जागी बसून होते. सासूबाई (अजून मुक्कामालाच होत्या) शेंगा सोलत होत्या. आईनं एकदा बघितलं आणि विचारलं, “आता काय इकलं?” संघर्षला वाटलं मी कंपनीचे नियम मोडायला बघतोय. धनश्रीनंसुद्धा आधी “अहो, पुरं झालं,” म्हटलं. मग तिनं माझ्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला. ती उठली आणि अनवाणीच नबीलालमामांकडं पळाली. त्या पळण्याच्या आवाजानं मला कळांमध्येही बरं वाटलं.

मामांनी टेम्पो काढला. टेम्पोत कवठे येमाईच्या कुणाचंतरी लोखंडी गेट होतं. ते उतरवण्यात वेळ घालवण्याऐवजी मला गेटशेजारीच झोपवलं. आमचे कागद शिरूरला होते म्हणून शिरूरला निघालो. मामांना डॉक्टरांनी ताण घ्यायला मनाई केलेली, त्यामुळं ते तीसच्या वर जात नव्हते. मागून ऊस भरलेले ट्रॅक्टर आम्हाला हॉर्न देऊन पुढं गेले. मी ओरडलो की मामा, जरा पळवा. ते खिडकीतून म्हणाले, “शंभू, माझा स्टेंट आदीच कुणाचा तरी वापरलेला हाय. जपाया लागतं.”

दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतलं, सुई टोचली, सलाईन लावलं. सिस्टर सुई भरत होत्या तेव्हा मला सवयीनं विचारायचं होतं की बाटली सील होती का. पण तोंडातून आवाज निघत नव्हता, ते एक बरं झालं. पंधरा मिनिटांत कळ ओसरली. वीस मिनिटांत गेली. छत पांढरं आहे, पंखा फिरतोय, शेजारच्या खाटेवरचा माणूस संत्रं खातोय, असं सगळं एकेक दिसायला लागलं. मी रडलो. धनश्री माझे पाय दाबत होती. मी तिला म्हटलं, “हे इंजेक्शन खरं हाय गं.” ती म्हणाली, “व्हय. आन् कळ पण खरी व्हती. दोन्ही एकाच दिवशी पटलं, लई झालं.”

निघताना मी पैसे विचारले. नाहीत म्हणाले. या वेळी मी पावती मागितली नाही. डॉ. आसियांनी बजावलं की खडा खाली सरकलाय, कार्ड काढून पुढच्या आठवड्यात या, लेझरसाठी चिठ्ठी देते.

तर मंगळवारी आम्ही सगळे न्हावऱ्यात ई-सेवा केंद्रावर गेलो. ते नबीलालमामांची सून निखत चालवते. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं निघाली. आईचा चेहरा मशिननं पहिल्या झटक्यात ओळखला. धनश्रीचा ओळखला, पोरांचे ओळखले. माझी पाळी आली. निखतनं मोबाइल माझ्यासमोर धरला, मी डोळ्यांची उघडझाप केली, आणि पडद्यावर आलं: जुळणी चौतीस टक्के.

आधारकार्डावरचा फोटो चौदा वर्षांपूर्वीचा होता. त्यात मला मिशा होत्या आणि मान होती. निखतनं चष्मा काढायला सांगितला. काढला, तर एकतीस टक्के आलो. बोटांचे ठसे घेतले. ते फॅट तपासायच्या अ‍ॅसिडनं कधीच गेलेले. ओटीपी पाठवला, तो ज्या नंबरवर गेला तो नंबर आता कुणाकडं आहे देव जाणे. बाहेर रांग वाढत होती. मशिन माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला चांगलीच ओळखीची वाटली. मी निखतला घाम पुसत सांगत होतो की अगं, मीच शंभू कोळपे, तुझ्या सासऱ्यांना विचार. ती म्हणाली, तसं चालत नाही काका. अर्ज वर मंजुरीला पाठवते, पण घरच्या माणसानं ओळख पटवली असा शेरा लिहावा लागेल.

मग तिनं धनश्रीकडं वळून विचारलं, “काकू, हे तुमचे मालकच ना?”

धनश्रीनं माझ्याकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. रांगेतली माणसं वाट बघत होती. सासूबाई पुढं सरकल्या, पण धनश्रीनं हातानं त्यांना थांबवलं.

“घरी जेवाया तरी ह्येच येत्यात,” ती म्हणाली. “लिव्ह तू.”